जोर सगळ्यात शेवटी: जुन्या गाडीचे जाम पार्ट घरच्या घरी सोडवताना

आमची पद्मिनी गाडी गंगाखेडच्या घरी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली ११ वर्षं उभी होती. ती पुन्हा चालती करायची म्हणून एका रविवारी पाना हातात घेतला आणि पहिल्याच तासात हेडवरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणावरच्या) पाण्याच्या तोंडाचा ८ मिलिमीटरचा बोल्ट मोडला. पाना जरा मऊ फिरला, वाटलं सुटला, आणि बोल्टाचं डोकं पान्यात अडकून हातात आलं. त्या एका बोल्टापायी अख्खं हेड उतरवून परभणीला लेथवर न्यावं लागलं. बोल्ट पाच-दहा रुपयांचा होता, आठवडे मात्र तीन गेले.

ज्यांच्या घरी अशी एखादी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप उभी आहे आणि ती स्वतःच्या हातानं खोलायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. महागडी हत्यारं लागत नाहीत. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी ओळख, मग सफाई, मग भिजवणं, मग ठोका, मग ताप आणि सगळ्यात शेवटी जोर. नवीन माणूस नेमका हा क्रम उलटा करतो.

आपल्याकडे पार्ट जाम का होतात

कोकणात गाडी खाऱ्या हवेनं सडते. मराठवाड्यात हवा कोरडी, त्यामुळे वरचा पत्रा बरा राहतो आणि माणूस फसतो. खाली वाकून पाहिलं की खरी स्थिती कळते. आपली काळी माती मडगार्डच्या आत, स्प्रिंगच्या पट्ट्यांत, शॅकलच्या (स्प्रिंग गाडीला जोडणाऱ्या कडीच्या) भोवती लिंपल्यासारखी बसते. ती पावसाळ्यात पाणी पिते आणि दिवाळीपर्यंत सोडत नाही. म्हणजे वरून ऊन आणि बोल्टाला मात्र चार-पाच महिने ओलं फडकं गुंडाळलेलं.

दुसरं कारण बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं कूलंट नव्हे, बोअरचं जड पाणी पडलं. त्याचा क्षार आत पांढऱ्या दगडासारखा बसतो आणि पाण्याच्या वाटेवरचे बोल्ट आणि स्टड (डोकं नसलेले बोल्ट) आतून गंजतात. वॉटर पंप, थर्मोस्टॅटचं झाकण, पाण्याचं तोंड इथले बोल्ट म्हणूनच सगळ्यात आधी मोडतात. बाहेरून डोकं चांगलं दिसतं, आतला दांडा अर्धा खाल्लेला असतो.

गंज म्हणजे नुसता मळ नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या केसभर फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. अॅल्युमिनिअममध्ये लोखंडी बोल्ट असेल तर तिथे ओलाव्यानं पांढरी भुकटी तयार होते, ती त्याहून चिवट. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनिअमचं आहे, जुन्या इंजिनाच्या अ‍ॅम्बेसेडरचं बिडाचं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे ताप देताना लागेल.

पाना लावण्याआधी

गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. विटा, सिमेंटचे ठोकळे, दगड यांवर तर मुळीच नाही. वीट भाराखाली आधी कळवून फुटत नाही. लोखंडी स्टँड घ्या किंवा वेल्डरकडून करून घ्या, जमीन कच्ची असेल तर स्टँडखाली जाड फळी टाका, आणि काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवा. बॅटरीची वायर काढा. हातातली अंगठी आणि घड्याळ काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण छिन्नीचा किंवा गंजाचा कण सरळ बुबुळात जातो. शेजारी वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं की आग पसरते.

मग फोनवर फोटो काढा, चारही बाजूंनी. दोन महिन्यांनी कुठला वॉशर कुठे होता हे कुणालाच आठवत नाही.

आता पाना. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनलेली, तिला मिलिमीटरचे पाने लागतात. अ‍ॅम्बेसेडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिच्या जुन्या इंजिनाला इंचाचे पाने. नंतरच्या इसुझू इंजिनाच्या अ‍ॅम्बेसेडरला इंजिनावर मिलिमीटरचे. घरात असलेला १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर सहज बसतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ती ०.३ ची ढिलाई गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करायला पुरेशी आहे. ९/१६ इंच म्हणजे १४.२९, १४ जात नाही म्हणून लोक १५ लावतात आणि तिथेच नट संपतो. पाऊण इंच आणि १९ मात्र जवळजवळ सारखे, तिथे चालून जातं. पाना नटावर हलवून पाहा. खुळखुळला तर तो पाना तुमचा नाही.

जाम नटावर फिक्स पाना, पोपट पाना, पक्कड यांतलं काही लावू नका. सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावा, ती नटाच्या सपाट बाजू धरते. बारा कोनांचा रिंग पाना असेल तर तो कोपऱ्यांवर लटकतो आणि घसरतो. एकच चांगला संच घ्यायचा असेल तर पैसे इथे घाला.

आणि उलटे आटे. जुन्या विलीज जातीच्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असत, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतात. बऱ्याच स्टडांच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसतो. नट सुटत नाही म्हणून दोघंजण पाइपवर लोंबकळण्याआधी टोक पुसून बघा.

भिजवणं: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

आधी कोरडी सफाई. लोखंडी ब्रशनं बोल्टाच्या बाहेर आलेल्या आट्यांवरची माती आणि गंज पूर्ण उतरवा. टोकदार खिळ्यानं आट्यांची खाच मोकळी करा. माती ठेवून तेल ओतलं तर तेल माती पिते, बोल्ट कोरडाच राहतो. ही पाच मिनिटं वाचवणारा पुढे दिवस घालवतो.

तेल कुठलं? मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गंज सोडवायचा फवारा चांगलाच. पूर्वी सगळे रॉकेल वापरायचे, आता ते सहज मिळत नाही. माझा घरचा काढा म्हणजे डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं. डिझेल पातळ, फटीत शिरतं; ऑइल मागे राहून वंगण देतं. अॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल यांचं मिश्रणही बरेच जण वापरतात आणि ते आत छान शिरतं, पण ती दोन्ही नीट मिसळत नाहीत, प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. अॅसिटोन रंग आणि प्लॅस्टिक खातो आणि ठिणगीसरशी पेटतो. ताप द्यायच्या दिवशी तो जवळपासही नको.

बोल्ट उभा असेल तर पिठाची कणीक मळून त्याभोवती आळं करा आणि त्यात तेल भरून ठेवा. आडवा असेल तर सुती चिंधी तेलात बुडवून त्यावर बांधा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा. उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात नुसतं फवारलेलं तेल तासाभरात पातळ होऊन ओघळून जातं. संध्याकाळी भिजवा, सकाळी पुन्हा, रात्री पुन्हा. मी आता कुठल्याही जाम बोल्टाला किमान तीन दिवस देतो. प्रत्येक वेळी तेल घालताना बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे आठ-दहा हलके ठोके मारतो. त्या कंपनानं गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून आत उतरतं. नुसत्या तेलापेक्षा तेल-ठोका-तेल हा फेरा कितीतरी जास्त काम करतो.

एक अपवाद: ब्रेकच्या भागांत तेल घालताना जपा. ब्रेकच्या लायनिंगवर किंवा ड्रमच्या आत तेल गेलं तर ती लायनिंग वाया गेली असं समजा.

सुटा झालेला पार्ट, म्हणजे बिजागरी, क्लॅम्प, साधे नट-बोल्ट, किराणा दुकानातल्या लिंबूसताच्या पाण्यात बुडवून ठेवता येतो. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅमच्या आसपास, काही तास, मधून मधून ब्रश. चिंचेचा कोळही हेच काम हळू करतो; पितळी तांब्या उजळतो तसाच. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसून तेल लावा, नाहीतर तासाभरात पिवळा गंज परत येतो. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट आम्लात ठेवू नका, ते आतून ठिसूळ होतात. अॅल्युमिनिअमही नको.

पाना फिरवताना कान आणि रेघ

ज्या दिवशी पहिला बोल्ट मोडला त्या दिवशी मला हे ठाऊक असतं तर बोल्ट वाचला असता. नंतर हेड सोडवणाऱ्या उस्तादांनी हे माझा हात धरून दाखवलं.

सुटणारा बोल्ट आवाज करतो. आधी ‘टक’ किंवा कोरडी ‘कुर्रर’. मोडणारा बोल्ट गप्प राहतो आणि रबरासारखा मऊ लागतो. हातात तसा मऊपणा आला की तिथेच थांबायचं.

खात्रीसाठी बोल्टाच्या डोक्यापासून शेजारच्या धातूवर जाईल अशी व्हाइटनरची एक सरळ रेघ ओढा. पान्यावर जोर द्या, मग सोडा. रेघ तुटलेलीच राहिली तर बोल्ट खरोखर फिरला. सोडल्यावर रेघ परत जुळली तर बोल्ट फिरलेला नाही, त्याला नुसता पीळ बसला आणि उलगडला. दोनदा पीळ बसला तर परत भिजवायला टाका. तिसऱ्यांदा तो मोडेल.

पहिला प्रयत्न आवळण्याच्या दिशेनं करा, अगदी किंचित. गंजाची पकड कुठल्याही दिशेनं तुटली तरी चालते. मग सोडवण्याच्या दिशेनं. एक अष्टमांश फेरा मिळाला की हावरेपणा नको. तेल घाला, परत आवळा, परत सोडा. दोन पावलं पुढे, एक मागे. आट्यांत साचलेली गंजाची पूड बाहेर पडायला वाट मिळते. सरळ ओढत नेलं तर तीच पूड पुढे साचून बोल्ट अर्ध्यावर पुन्हा आवळतो आणि तिथे मोडतो.

पान्याला पाइप लावून लांबी वाढवणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. एक फुटाच्या पान्याला तीन फुटांचा पाइप म्हणजे तिप्पट जोर, आणि हाताला काही कळतही नाही. चाकाचे नट, हबचा मोठा नट, स्प्रिंगचे यू बोल्ट यांना तो चालतो. १० मिलिमीटरपेक्षा बारीक बोल्टाला पाइप लावायचा नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

ठोका कसा द्यायचा

ढिला, लांब, सतत दिलेला दाब बोल्टाला पिळतो. छोटा, कडक ठोका गंज फोडतो. म्हणून पान्याच्या टोकावर हातोडीचे झटपट ठोके हे पाइपवर लटकण्यापेक्षा सुरक्षित.

स्क्रूसाठी हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. ठोका बसला की तो स्क्रूला दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. दाराच्या बिजागरीचे आणि ड्रम धरून ठेवणारे स्क्रू दुसऱ्या कशानं सुटत नाहीत. पेचकस खाचेतून घसरत असेल तर टोकावर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट थोडी लावा. त्यातले खरखरीत कण पकड धरतात.

टाय रॉडचा (स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याचा) बॉल जॉइंट निमुळत्या भोकात बसलेला असतो. त्याच्या आट्यांवर खालून हातोडी मारणं ही नेहमीची चूक आहे. आटे चेपतात आणि सांधा तसाच. नट चार आटे ढिला करून तिथेच राहू द्या. ज्या डोळ्यात तो बसलाय त्या लोखंडाच्या एका बाजूला जड घण टेकवा आणि समोरून हातोडीचे दोन-चार खणखणीत ठोके द्या. भोक क्षणभर अंडाकृती होतं आणि निमुळता दांडा उडी मारून सुटतो. नट ठेवलाय म्हणून तो पायावर पडत नाही.

स्टिअरिंगचं चाकही तसंच. मधला नट ढिला करा पण काढू नका. सीटवर बसा, दोन्ही गुडघे खालून चाकाला टेकवा, हातांनी डावी-उजवी बाजू आळीपाळीनं स्वतःकडे ओढा. नट काढून टाकला असेल तर चाक सुटताक्षणी तोंडावर येतं. दांड्याच्या टोकावर हातोडी नको.

ब्रेकचा ड्रम निघत नसेल तर आधी अॅडजस्टर पूर्ण ढिला करा. ड्रमच्या आत झिजून खोबण पडलेली असते आणि लायनिंग त्यात अडकते. तेव्हा बाहेरून कितीही ठोकून उपयोग नाही. मग हबच्या सांध्यावर तेलाचे अगदी मोजके थेंब, स्टडांच्या मधल्या सपाट भागावर गोल फिरत ठोके. ड्रमची कड बिडाची आहे, तिथे मारलं तर कपची उडते. काही ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीनं पाव-पाव फेरा आवळले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. आतली धूळ फुंकायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ताप

लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश भागानं वाढतं, अॅल्युमिनिअम त्याच्या जवळजवळ दुप्पट. १० मिलिमीटरच्या भोकाभोवतीचा नट २०० अंशांनी तापला तर भोक ०.०२४ मिलिमीटर मोठं होतं. आकडा लहान वाटतो, पण गंजाची पकड तोडायला तेवढं पुरतं. म्हणून तापवायचा तो नट किंवा भोवतीचा भाग. बोल्ट तापवला तर तोच फुगून जास्त आवळतो. वेळ महत्त्वाचा: नट लवकर तापवा आणि उष्णता बोल्टात पोचायच्या आत पाना लावा.

घरी ब्लो लॅम्प किंवा छोट्या गॅस सिलिंडरवर चालणारी टॉर्च पुरते. काम सावलीत किंवा दिवस मावळताना करा. भर दुपारी आपल्या उन्हात लोखंड लाल झालेलं डोळ्यांना दिसतच नाही आणि माणूस तापवतच राहतो. नुसता बोल्ट सोडवायला लाल करायची गरज क्वचितच पडते.

अॅल्युमिनिअम तर रंग बदलतच नाही. शुद्ध असेल तर ते ६६० अंशांना वितळतं, हेडसारखा मिश्रधातू असेल तर त्याहून आधीच, आणि त्याआधी काहीही इशारा देत नाही. पद्मिनीच्या हेडवर मी ज्योत एका जागी धरत नाही, फिरवत राहतो, आणि ओल्या बोटानं पाण्याचा थेंब टाकून बघतो. तव्यावर उडतो तसा चुर्र होऊन उडाला की ज्योत बाजूला. अॅल्युमिनिअम दुप्पट फुगत असल्यामुळे तेवढ्या तापातही लोखंडी स्टडभोवतीची पकड सैल होते.

गरम असतानाच मेणबत्तीचा तुकडा आट्यांना टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं, थंड होताना आणखी खोल. तेल जिथे धूर होऊन उडून जातं तिथे मेण टिकतं. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा भाग) आणि सायलेन्सरच्या नटांसाठी मला याहून चांगला घरचा उपाय सापडलेला नाही.

कुठे ज्योत न्यायची नाही तेही स्पष्ट सांगतो. पेट्रोलची टाकी, तिची नळी, कार्ब्युरेटर यांच्या आसपास नाही; रिकामी टाकी तर भरलेल्यापेक्षा घातक, कारण तिच्यात वाफ असते. शॉकअॅब्सॉर्बर आणि कुठलीही बंद नळी नाही, ती फुटते. ब्रेक ऑइल भरलेल्या भागावर नाही. ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी नाही. काही क्लीनरमध्ये क्लोरीनचे पदार्थ असतात आणि ज्योतीनं त्यांचा विषारी वायू होतो. स्टिअरिंगचे दांडे आणि स्प्रिंगच्या पट्ट्या लाल करायच्या नाहीत, त्यांचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, आणि ते पार्ट पुढे रस्त्यावर मोडतात.

शॅकलचा बोल्ट, म्हणजे वेगळंच दुखणं

मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा बोल्ट रबरी बुशमधून (रबराच्या नळीसारख्या गादीतून) जातो आणि त्या बुशच्या आत एक लोखंडी नळी असते. बोल्ट त्या नळीला गंजून चिकटतो. नट निघतो, पाना लावून बोल्ट फिरवला की पाव फेरा फिरतो आणि सोडला की परत येतो. नवीन माणसाला वाटतं काहीतरी हलतंय. हलतंय ते रबर. दिवसभर फिरवलं तरी काही होणार नाही.

आठवडाभर भिजवून बघा, बोल्टाच्या टोकावर नट पातळीत ठेवून पंचनं ठोकून बघा. सुटला तर उत्तम. नाही सुटला तर मन घट्ट करा आणि बुशच्या दोन्ही बाजूंना, हँगर (स्प्रिंग धरणारा गाडीचा कंस) आणि बुशच्या मधल्या फटीत, नुसतं हॅक्सॉ ब्लेड घालून बोल्ट कापा. ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ करा. एका बाजूला पाऊण तास लागतो, हात भरून येतात, पण पट्टी आणि हँगर शाबूत राहतात. बोल्ट आणि बुश नवीन मिळतात. रबर जाळून काढायचा मोह टाळा. तो धूर फार वाईट असतो आणि आग पट्टीवरच्या ग्रीसला धरते.

उरलेला बुश बाहेर ढकलायला प्रेस लागत नाही. बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान एक गोटी घ्या, तिच्याहून मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा घ्या, आणि पूर्ण आटे पाडलेला एक लांब दांडा. दांडा सगळ्यांतून आरपार, एका टोकाला गोटी, दुसऱ्या टोकाला पाइप, दोन्हीकडे जाड वॉशर आणि नट. दांड्याच्या आट्यांना ग्रीस लावून नट आवळत गेलं की गोटी बुशला पाइपमध्ये ढकलते. नवीन लोखंडी बुश किंवा बेअरिंगची रिंग बसवताना ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर ४० अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८, एवढ्या फरकानं ५२ मिलिमीटरची रिंग साधारण ०.०३५ मिलिमीटरनं आकसते आणि हलक्या ठोक्यांनी बसते.

ब्रेकचं निपल

ब्रेकमधली हवा काढायचं हे निपल लहान आणि पोकळ असतं, म्हणून पिळून तुटतं. पान्याआधी त्याच्या भोकात घट्ट बसेल असा ड्रिलचा गुळगुळीत दांडा घाला, म्हणजे ते आतून चेपणार नाही. डोक्यावर हलके ठोके, सहा कोनांची गोटी, दोन्ही दिशांना थोडं-थोडं. ब्रेकची नळी जोडणारा युनियन नट फिरताना नळीही पिळली जातेय का ते बघा. पिळत असेल तर नळी कापून नवीन घालणं हेच शहाणपण. ब्रेकमध्ये काटकसर करू नका.

जाम इंजिन आणि चिकटलेलं हेड

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं इंजिन फिरत नसेल तर स्टार्टर मारून बघू नका आणि गाडी ओढून गिअर टाकू नका. सगळे प्लग काढा. अॅल्युमिनिअमच्या हेडमधला प्लगही भिजवून, मागेपुढे करतच काढायचा, नाहीतर हेडचे आटे त्याच्याबरोबर येतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये तोच डिझेल-ऑइलचा काढा अर्धा कप ओता आणि चार दिवस विसरून जा. मग पुन्हा थोडा. रॉकरचं झाकण काढून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवरही घाला, कारण कधीकधी पिस्टन मोकळा असतो आणि व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला. तशात फिरवलं तर पुश रॉड वाकतो.

पाचव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि दोघांनी मिळून पुढे-मागे हलवा, ढकलायची नाही, पाळण्यासारखी झुलवायची. एक बोटभर चाक सरकलं तरी काम झालं. मग इंजिन हातानं फिरवायच्या हँडलनं हळू. आमची पद्मिनी नवव्या दिवशी हलली. इंजिन मोकळं झाल्यावर प्लग न लावता ते फिरवून आतलं तेल बाहेर उडू द्या, तोंड बाजूला ठेवा. प्लग लावून फिरवलं तर तेल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. झिरपलेलं डिझेल खाली चेंबरमध्ये गेलेलं असतं, म्हणून इंजिन ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

इंजिन फिरतंय पण हेड चिकटलंय, अशा वेळी पेचकस किंवा छिन्नी सांध्यात घालून उचकटू नका. त्या खुणेतून पुढे गॅस्केट गळत राहतं. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या इंजिनाला दोरीची युक्ती चालते. रॉकर आणि पुश रॉड काढा, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात. हेडचे नट चार-पाच आटे ढिले करून तसेच ठेवा. एका सिलिंडरचा पिस्टन खाली आणा, प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी जमेल तेवढी आत भरा, दुसरं टोक बाहेर ठेवा. आता हँडलनं हळू फिरवा. पिस्टन दोरी दाबतो, दोरी हेडला वर उचलते. पुढच्या आणि मागच्या सिलिंडरला आळीपाळीनं केलं की हेड सरळ वर येतं.

मोडलाच तर

स्टडचा तुकडा वर राहिला असेल तर दोन नट एकमेकांवर आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून फिरवा. नटाचे कोपरे गेले असतील तर कानशीनं दोन बाजू घासून लहान मापाची गोटी ठोकून बसवा, किंवा हॅक्सॉनं नट आट्यांपर्यंत कापून छिन्नीनं फाडा. तुकडा जेमतेम वर असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डरकडून आतून टाका मारून घ्या. तो ताप आणि ती पकड दोन्ही एकदम मिळतात. वेल्डिंगच्या आधी बॅटरी गाडीतून उतरवा.

पातळीत मोडला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा, आधी बारीक ड्रिल, मग मोठं. मध्य चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून पंच मारण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. ईझी आउट नावाचं उलट्या आट्यांचं हत्यार मिळतं, पण जो बोल्ट पान्यानं सुटला नाही त्यावर ते बारीक कडक पोलाद मोडतं, आणि मग त्यावर ड्रिलही चालत नाही. हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये मोडलेला बोल्ट असेल तर मी आता स्वतः प्रयत्न करत नाही. पार्ट काढून लेथवाल्याकडे नेतो. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठेही जुने लेथवाले आहेत. पार्ट घेऊन जाताना आधी काय काय केलं ते सगळं सांगा.

परत बसवताना

आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून जुना गंज काढा, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे. बोल्ट नवीन घाला. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला पितळी नट वापरा, ते स्टडला गंजून चिकटत नाहीत. बाकी आट्यांना ग्रॅफाइट ग्रीसचं बोट फिरवा. मात्र ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, तेव्हा हात आखडता. चाकाचे नट कोरडेच ठेवा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घाला. पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकं, स्टिअरिंग आणि शॅकल यांचे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासा, आणि आवळून झालेल्या प्रत्येक नटावर व्हाइटनरची रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी खाली वाकलात की ढिला झालेला नट रेघेवरून लगेच दिसतो.